मार लागलेल्या रुग्णाचे स्टेशन: आधी काय, नंतर काय

प्रश्न असा आहे: क्लिनिकल स्किल्सच्या परीक्षेत (ऑस्की), जिथे एकेक केस एकेका 'स्टेशन'वर ठरलेल्या वेळात हाताळायची असते, अपघातातला किंवा मार लागलेला रुग्ण समोर आला, तर हिस्टरी आधी घ्यायची की तपासणी, किती खोलात शिरायचे आणि ते सगळे आठ-दहा मिनिटांत बसवायचे कसे?

आधी केस कुठल्या जातीची आहे ते ओळखा. बाकीच्या प्रश्नांची उत्तरे त्यावरच ठरतात. ट्रॉमाची स्टेशन्स ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. एक रिससिटेशनचे, म्हणजे जीव वाचवण्याच्या तातडीच्या उपचारांचे: टेबलावर पुतळा किंवा डोळे मिटून पडलेला सिम्युलेटेड (रुग्णाची भूमिका करणारा) पेशंट, बाजूला मॉनिटर, मदतीला एखादी नर्स आणि तुम्ही विचाराल तेवढेच फाइंडिंग सांगणारा एक्झामिनर. दुसरे बोलत्या पेशंटचे: मनगट छातीशी धरून बसलेला तरुण, घरात पडलेल्या आजी, गाडीला मागून धडक बसल्यापासून मान दुखते म्हणणारी बाई. पहिल्यात क्रमाला आणि कृतीला गुण असतात. दुसऱ्यात हिस्टरी, नेमकी तपासणी आणि रुग्णाला समजावून सांगणे याला.

बहुतेक विद्यार्थी फक्त पहिल्या प्रकारची तयारी करतात आणि तीच सगळीकडे लावतात. मुरगळलेल्या घोट्यासाठी दोन मोठे कॅन्युला मागतात, मानेला कॉलर लावतात, आणि तो पडला कसा हे विचारायला वेळच उरत नाही. उलटही होते. रुग्ण धापा टाकतोय, ओठ निळे पडलेत, आणि परीक्षार्थी त्याला विचारतोय की घरात कोणाला मधुमेह आहे का.

निवडीला वेळ लागत नाही. दाराबाहेरच्या सूचनेत व्हायटल्स दिले असतील तर नाडी, रक्तदाब आणि श्वासाचा वेग आधी वाचा. खोलीत शिरताच नाव सांगा आणि विचारा, "काय झालं, सांगता का?" रुग्णाने स्वच्छ आवाजात पूर्ण वाक्यात उत्तर दिले तर श्वासमार्ग मोकळा आहे, श्वास पुरेसा आहे आणि मेंदूला रक्त पोचते आहे. तो बोलत असताना एक हात त्याच्या मनगटावर ठेवा: नाडीचा वेग, त्वचा गार की कोमट, घाम आहे का. मग एक वाक्य मोठ्याने म्हणा: "पेशंट बोलतोय, श्वास नॉर्मल वाटतो, नाडी भरलेली आहे, सध्या जिवाला धोका दिसत नाही, म्हणून मी हिस्टरीकडे वळतो." बोलत्या पेशंटच्या स्टेशनवर या वाक्याने प्रायमरी सर्व्हे, म्हणजे जिवाला धोका शोधणारी पहिली तपासणी, निकालात निघतो. यातले एक जरी बिघडलेले असेल तर हिस्टरी बाजूला ठेवा आणि एबीसीडीई (एअरवे म्हणजे श्वासमार्ग, ब्रीदिंग म्हणजे श्वास, सर्क्युलेशन म्हणजे रक्ताभिसरण, डिसेबिलिटी म्हणजे शुद्ध व मेंदू, एक्सपोजर म्हणजे सगळे अंग उघडून पाहणे) या क्रमाने सुरू करा.

मोठ्याने बोलण्यावर माझा एवढा जोर का, ते सांगतो. ऑस्की ही परीक्षापद्धत रोनाल्ड हार्डेन आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली मांडली. प्रत्येक परीक्षार्थीला तीच केस, तेवढाच वेळ आणि तोच गुणतक्ता मिळावा, हा तिचा गाभा. एक्झामिनरच्या हातात असतो तो तक्ता. तुम्ही मानेच्या शिरा डोळ्यांनी पाहिल्यात, पण बोलला नाहीत, तर खूण कशावर करायची? फक्त बोलणे कृतीच्या बरोबरीने व्हायला हवे. हात खिशात ठेवून "आता मी छाती तपासेन" म्हणणाऱ्याला गुण मिळत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

रिससिटेशनचे स्टेशन

क्रम सगळ्यांना पाठ असतो. तो टिकत नाही, ही खरी अडचण. मांडीचे हाड बाहेर आलेले दिसते आणि नजर तिथेच खिळते. परीक्षा घेणारे ती जखम मुद्दाम भडक रंगवतात, आणि खरा धोका छातीत लपवलेला असतो. १९७६ साली नेब्रास्कात जेम्स स्टायनर या अस्थिशल्यचिकित्सकाचे छोटे विमान कोसळले. पत्नी गेली, मुले जखमी झाली, आणि गावातल्या इस्पितळात उपचारांना काहीच शिस्त नव्हती. त्यातून पुढे एटीएलएस हा गंभीर जखमींवरच्या उपचारांचा अभ्यासक्रम उभा राहिला. जे आधी मारते ते आधी शोधायचे आणि सापडले की तिथेच थांबून त्यावर उपचार करायचा, हे त्याचे सूत्र.

याला एकच आधीचा टप्पा आहे. अंगावरून रक्ताची धार लागली असेल तर ती एअरवेच्याही आधी थांबवा: थेट दाब, आणि हात-पाय असेल व दाबाने भागत नसेल तर टूर्निके. टूर्निके लावल्याची वेळ मोठ्याने सांगा आणि लिहायला लावा. ही वेळ हमखास राहून जाते.

एअरवे तपासताना मान सोडू नका. "नर्स, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा" हे पहिले वाक्य. तोंडात रक्त, उलटी, तुटलेला दात पाहा. घरघर, स्ट्रायडर, बसलेला आवाज ऐका. सक्शन लावा, जबडा पुढे उचला. डोके मागे झुकवू नका. मानेला इजा असण्याची शक्यता असताना ही चूक नजरेतून सुटत नाही. चेहऱ्याला किंवा कवटीच्या तळाला मार असेल तर नाकातून कोणतीही नळी घालू नका, जठराची नळीसुद्धा तोंडातून. जीसीएस (ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे डोळे, बोलणे आणि हालचाल यांवरून शुद्धीचा आकडा) ८ किंवा त्याखाली असेल तर भूलतज्ज्ञाला बोलवा आणि इंट्यूबेशन (श्वासनलिकेत नळी घालणे) लागेल असे सांगा. ऑक्सिजन नॉन-रिब्रीदर मास्कने, मिनिटाला १५ लिटर.

ब्रीदिंगवर जास्त वेळ द्या, कारण रिससिटेशनच्या केसचे मर्म बहुतेक वेळा इथेच असते. छाती पूर्ण उघडी करा. श्वासाचा वेग आणि सॅच्युरेशन विचारा. श्वासनलिका मध्यावर आहे का, मानेच्या शिरा फुगल्यात का, छातीच्या दोन्ही बाजू सारख्या हलतात का, जखम किंवा त्वचेखाली हवेची चरचर लागते का, ते पाहा. ठोकून पाहा, मग स्टेथोस्कोप लावा: दोन्ही शिखरांवर आणि दोन्ही काखांत.

समजा एक्झामिनर म्हणाला: श्वास ३६, सॅच्युरेशन ८४, रक्तदाब ८० वर ५०, उजवी बाजू हलत नाही, तिथे आवाज नाही, ठोकल्यावर पोकळ नाद. आता छातीचा एक्स-रे मागितलात तर केस तिथेच हातची गेली. हे टेन्शन न्यूमोथोरॅक्स, म्हणजे छातीत हवा कोंडून फुप्फुस आणि हृदय दाबले जाणे; त्याचे निदान हाताने आणि कानाने करायचे असते. "टेन्शन न्यूमोथोरॅक्स, लगेच डिकम्प्रेस करतो" म्हणा आणि जागा दाखवा. मोठ्या माणसात चौथी किंवा पाचवी बरगडीमधली जागा, मिडअ‍ॅक्सिलरी रेषेच्या किंचित पुढे. २०१८ च्या एटीएलएस आवृत्तीपासून प्रौढांसाठी हीच जागा शिकवतात, कारण आधी शिकवत त्या वरच्या जागी छातीची भिंत जाड असली तर सुई पोचत नाही. लहान मुलांत मात्र ती वरचीच, दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीमधली जागा, मिडक्लॅव्हिक्युलर रेषेवर. सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून घाला, म्हणजे नस आणि रक्तवाहिन्या वाचतात. त्यानंतर चेस्ट ट्यूब, २८ ते ३२ फ्रेंच. आणि पुन्हा मोजा: "आता सॅच्युरेशन किती? रक्तदाब?" हा फेरतपास जवळपास निम्मे लोक विसरतात. उपचार करून पुढे निघून जातात, आणि सुई मुडपली आहे, रुग्ण तसाच आहे, हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

त्याच चित्रात ठोकल्यावर नाद बद्द आला तर ते मोठे हीमोथोरॅक्स (छातीत साठलेले रक्त): चेस्ट ट्यूब टाका आणि रक्त चढवा. ट्यूबमधून एकदम १५०० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त आले तर सर्जनला बोलवा, थोरॅकोटॉमी (छाती उघडण्याची शस्त्रक्रिया) लागू शकते. दोन्ही बाजूंना हवा सारखी, पण रक्तदाब खाली आणि मानेच्या शिरा फुगलेल्या, तर टॅम्पोनाड (हृदयाभोवती रक्त साचून ते दाबले जाणे) मनात आणा आणि फास्ट स्कॅनमध्ये, म्हणजे आत साठलेले रक्त शोधणाऱ्या झटपट सोनोग्राफीत, पेरिकार्डियम (हृदयाचे आवरण) पाहा. खूप रक्त गेलेल्या रुग्णात टेन्शन असूनही शिरा फुगत नाहीत, म्हणून "शिरा फुगल्या नाहीत, म्हणजे टेन्शन नाही" असे कधी म्हणू नका.

सर्क्युलेशनमध्ये रक्तदाबावर विसंबू नका. तरुण माणूस ३० टक्क्यांपर्यंत, म्हणजे जवळजवळ दीड लिटर रक्त जाईपर्यंत वरचा दाब टिकवून धरतो. आधी नाडी वाढते, पल्स प्रेशर (वरच्या आणि खालच्या दाबातला फरक) आखडते, हात गार पडतात, जीव घाबरा होतो. नाडी ११८ आणि दाब ११० वर ९० अशी केस देतात ती याचसाठी. "बीपी नॉर्मल आहे" म्हणणारा त्यात अडकतो. उलट बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या वयस्कर माणसाची नाडी ७६ असली तरी रक्त वाहत असू शकते. गार, घामेजलेल्या रुग्णाला रक्तस्रावाचा शॉक आहे असेच धरा. पाठीच्या कण्याच्या इजेत दाब खाली, नाडी मंद आणि हातपाय गरम असतात, पण तेव्हाही रक्तस्राव नाही हे आधी सिद्ध करा.

रक्त कुठे जाते ते बोटावर मोजा: बाहेर, छातीत, पोटात, पेल्व्हिस आणि त्यामागच्या जागेत, मांडीत. फीमरच्या बंद फ्रॅक्चरमध्ये दीड लिटरपर्यंत रक्त साठू शकते. दोन मोठ्या गेजचे कॅन्युला, १६ किंवा १८. गट आणि क्रॉसमॅच, हीमोग्लोबिन, कोअ‍ॅग्युलेशन, ब्लड गॅस, आणि मूल होण्याच्या वयातली स्त्री असेल तर गर्भचाचणी. सलाइन कोमट, जास्तीत जास्त १ लिटर, मग रक्त. बाटलीमागून बाटली सलाइन चढवत राहिलात तर उरलेले रक्त पातळ होते, गोठत नाही आणि रुग्ण गार पडतो. ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड १ ग्रॅम १० मिनिटांत, इजेपासून ३ तासांच्या आत. पेल्व्हिस दाबून हलवून पाहू नका, बसत आलेली गुठळी सुटते. शंका आली की बाइंडर (पेल्व्हिस आवळून धरणारा पट्टा) लावा. तो कमरेवर नाही, ग्रेटर ट्रोकॅन्टरच्या (मांडीच्या हाडाचा वरचा बाहेरचा उंचवटा) पातळीवर. पुतळ्यावर बाइंडर पोटावर बांधणारे दर बॅचमध्ये निघतात. अस्थिर रुग्णाला सीटीला पाठवू नका. फास्ट, छाती आणि पेल्व्हिसचा एक्स-रे हे तिथेच करायचे.

डिसेबिलिटीत जीसीएसचा आकडा नुसता सांगू नका, फोडून सांगा. नखाच्या मुळाशी दाब दिल्यावर डोळे उघडतो म्हणजे २, नुसता कण्हतो म्हणजे २, कपाळावर दाबल्यावर हात गळ्याच्या हाडाच्या वर आणून तुमचा हात हटवू पाहतो म्हणजे ५. एकूण ९. हात नुसता मागे ओढला तर ४, कोपरात विचित्र आखडला तर ३, ताठ झाला तर २. मोटरचे हे चार आकडे एकमेकांवर करून पाहिल्याशिवाय परीक्षेत आठवत नाहीत. दोन्ही बाजूंचा प्रतिसाद वेगळा असेल तर चांगला तो धरा, पण फरक आहे हे सांगा. मग बाहुल्या, चारही हातपाय हलतात का, आणि रक्तातली साखर. दारूचा वास येत असला तरी शुद्ध हरपल्याचे खापर दारूवर फोडू नका.

एक्सपोजर म्हणजे पूर्ण कपडे काढणे आणि लगेच पांघरूण घालणे. लॉग रोलला (रुग्णाला मणका सरळ ठेवून ओंडक्यासारखे कुशीवर वळवताना) डोक्याशी एक जण असतो आणि हुकूम त्याचा चालतो; धड आणि पाय वळवायला आणखी तिघे, आणि पाठ तपासणारे तुम्ही. मणक्यावर एकेका हाडावर दाबून पाहा, जखम पाहा. मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्त दिसले तर कॅथेटर घालू नका, आधी रेट्रोग्रेड युरेथ्रोग्रॅम (मूत्रमार्गात औषध घालून काढलेला एक्स-रे). गुदद्वाराची आणि जननेंद्रियांची तपासणी सिम्युलेटेड पेशंटवर करायची नसते; "गरज आहे, संमती घेऊन करेन" एवढे एक्झामिनरला सांगा आणि फाइंडिंग विचारा.

मध्येच रुग्ण ढासळला तर जिथे होता तिथून पुढे जाऊ नका, परत एअरवेपासून सुरू करा. हे स्टेशन लिहिणारे लोक बहुतेक वेळा पाचव्या-सहाव्या मिनिटाला रक्तदाब पाडतात, आणि तेव्हा परीक्षार्थी काय करतो हेच त्यांना पाहायचे असते.

बोलता पेशंट

इथे वेदनेपासून सुरुवात करा. "दुखतंय हे दिसतंय मला. कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का? सांगा, म्हणजे आधी दुखणं कमी करायची व्यवस्था करतो." यात सहानुभूती आली, अ‍ॅलर्जी आली आणि उपचारही आला. कळवळणाऱ्या माणसाला पाच मिनिटे प्रश्न विचारत राहणे हा या स्टेशनवरचा सगळ्यात मोठा दोष आहे, मग बाकीचे कितीही शिस्तीत असो.

हिस्टरीत घटना बारकाईने घ्या. किती उंचीवरून, कशावर, कुठल्या अंगावर पडला. गाडी असेल तर वेग किती, पट्टा होता का, हेल्मेट होते का, त्याच गाडीतले इतर कसे आहेत. त्यानंतर लगेच काय झाले: शुद्ध गेली का, उठून चालला का, उलटी झाली का, फिट आली का, मुंग्या किंवा अशक्तपणा आहे का. मग अँपलची पाच अक्षरे: अ‍ॅलर्जी, औषधे, आधीचे आजार व गर्भारपण, शेवटचे खाणे, घटना. औषधांत रक्त पातळ करणारी गोळी नाव घेऊन विचारा, "रक्तदाबाची गोळी घेतो" एवढ्यावर सोडू नका. जखम असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी.

आजी पडल्या असतील तर फ्रॅक्चरपेक्षा त्या का पडल्या हा प्रश्न मोठा. "आजी, पाय अडकून पडलात की आधी चक्कर आली?" धडधड, छातीत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, जीभ चावणे, कपड्यात लघवी, नवी औषधे, नजर. जमिनीवर किती वेळ पडून होत्या हेही विचारा. काही तास गेले असतील तर स्नायू विरघळून मूत्रपिंडाला धोका, अंग गार पडणे आणि दाबाचे व्रण हे तिन्ही प्रश्न उभे राहतात. पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर हिपच्या हालचाली करून पाहू नका. एक्स-रे मागा आणि पावलाची नाडी व संवेदना तपासा.

डाव्या बरगड्यांवर मार, वरच्या पोटात दुखणे आणि डावा खांदा दुखतो म्हणणे, पण खांद्याला हात लावला तर तिथे काहीच नाही. ही प्लीहेची केस. नववी ते अकरावी बरगडी तिच्यावरच असते, आणि रक्ताने डायफ्राम चेतवला की कळ खांद्यात उमटते. इथे एक्स-रेवर बरगडी पाहून घरी पाठवणारा नापास होतो.

मान दुखणाऱ्या रुग्णात मान हलवायला सांगण्याआधी ठरवा की हलवणे सुरक्षित आहे का. वय ६५ किंवा जास्त, हातापायांत मुंग्या, किंवा धोकादायक पद्धतीचा मार, म्हणजे ३ फूट किंवा ५ पायऱ्यांवरून पडणे, डोक्यावर उभा दाब, वेगातली धडक, यांतले काहीही असेल तर कॅनेडियन सी-स्पाइन नियमानुसार आधी इमेजिंग. यातले काही नसेल, रुग्ण शुद्धीत असेल आणि साधी मागून धडक, बसू शकतो, चालला आहे, दुखणे उशिरा सुरू झाले, मध्यावर दाबल्यावर दुखत नाही, यांतले एक तरी लागू असेल, तर त्यालाच मान दोन्हीकडे ४५ अंश वळवायला सांगा. वळली तर एक्स-रे नको. मान तुम्ही हाताने वळवायची नाही, त्याची त्याला वळवू द्यायची.

हाताची केस मला सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण तिथे पाठांतर चालत नाही. काचेने तळहात कापलेला रुग्ण घ्या. आधी बोटांचा रंग आणि कॅपिलरी रिफिल. मग बोटाच्या दोन्ही कडांना वेगवेगळा स्पर्श, कारण डिजिटल नर्व्ह दोन असतात आणि एकच कापलेली असू शकते. हे भूल देण्याच्या आधी. नंतर तपासले तर बधिरता इंजेक्शनची की कापल्याची, कळणार नाही. मग स्नायूबंध. मधले पेर धरून टोकाचे पेर वाकवायला सांगा, ते प्रोफंडस. बाकीची बोटे सरळ दाबून ठेवून ते एकच बोट मधल्या सांध्यात वाकवायला सांगा, ते सुपरफिशिअ‍ॅलिस. विरोध देऊन तपासा आणि दुखते का ते पाहा, कारण अर्धवट कापलेला बंध हालचाल पूर्ण करतो, फक्त विरोधाला दुखतो. काचेने कापले असेल तिथे एक्स-रे. काचेचा तुकडा बहुधा दिसतो. शेवटी, रुग्ण कुठल्या हाताने काम करतो आणि काम काय करतो, हे विचारले नसेल तर ही केस अपुरी.

मनगट असेल तर अंगठ्याच्या मुळाशी स्नफबॉक्समध्ये दाबा. दुखले आणि एक्स-रे स्वच्छ आला तरी स्कॅफॉइड (मनगटातले छोटे हाड) मोडले आहे असे धरून स्प्लिंट लावा आणि पुन्हा बोलवा. खांदा निखळला असेल तर बसवण्याआधी आणि नंतर दंडाच्या बाहेरच्या बाजूची संवेदना. घोट्याला एक्स-रे लागेल का हे ठरवायला ओटावा नियम: दोन्ही मॅलिओलसच्या मागच्या कडेचे खालचे ६ सेंटिमीटर, पाचव्या मेटाटार्सलचे मूळ, नॅव्हिक्युलर, आणि चार पावले टाकता येतात का. प्लास्टरखाली वेदना दिसणाऱ्या इजेपेक्षा कितीतरी जास्त, आणि बोटे ताणल्यावर किंचाळणे, म्हणजे कंपार्टमेंट सिंड्रोम (स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा तुटणे). नाडी लागते म्हणून निश्चिंत होऊ नका, ती शेवटी जाते.

काही केसमध्ये इजा ही फक्त वरची गोष्ट असते. सांगितलेली घटना आणि जखमेची जागा जुळत नाही, वेगवेगळ्या दिवसांचे वळ आहेत, उपचाराला उशीर झाला आहे, सोबतचा माणूसच सगळी उत्तरे देतोय. सोबत्याला बाहेर थांबायला सांगा. मग सरळ, हळू आवाजात: "अशी जखम दिसली की मी सगळ्यांनाच विचारतो. कोणी मारलं का तुम्हाला? घरी सुरक्षित वाटतं का?" उत्तर आले तर सल्ल्याचा मारा करू नका. ऐकून घ्या, तुमची चूक नाही हे सांगा, आज घरी जाणे सुरक्षित आहे का आणि मुले आहेत का ते विचारा. गुप्तता राखेन म्हणा, पण मुलाच्या किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल तर ती पूर्ण राखता येणार नाही हेही आधीच सांगा. रुग्ण गप्प राहिला तर ते मान्य करा आणि दार उघडे ठेवा.

वेळ, हँडओव्हर आणि सराव

दहा मिनिटांच्या बोलत्या स्टेशनवर चार मिनिटे हिस्टरीला, साडेतीन तपासणीला, उरलेली समजावण्याला. तपासणी दुखऱ्या भागाची पूर्ण, वरच्या-खालच्या सांध्याची, आणि त्यापलीकडच्या नाडी-संवेदना-हालचालीची. सगळे शरीर नाही. चांगली बाजू आधी, दुखरी नंतर, आणि दुखलेली हालचाल दुसऱ्यांदा करायची नाही. समजावताना निदानाची शक्यता, पुढच्या चाचण्या आणि कधी परत यायचे हे तिन्ही हवे. डोक्याला मार लागून घरी जाणाऱ्याला वाढती डोकेदुखी, पुन्हा उलट्या, झोपेतून उठवता न येणे, फिट, हातपाय लुळे पडणे, नाका-कानातून पाणी, ही लक्षणे सोबतच्या माणसासमोर सांगा आणि लिहून द्या.

नोट लिहायची असेल तर नकारात्मक गोष्टी लिहा: शुद्ध गेली नाही, उलटी नाही, मानेच्या मध्यावर दुखत नाही, चारही हातपायांत ताकद सारखी. ट्रॉमात निदानाचा निम्मा आधार या "नाही"वर असतो. जे तपासले नाही ते मात्र कधीच लिहू नका.

सर्जनला फोन करायला लावले तर वय, वेळ, मार कसा, इजा, व्हायटल्स, उपचार, या क्रमाने अर्ध्या मिनिटात: "२६ वर्षांचा तरुण, ४० मिनिटांपूर्वी दुचाकीवरून पडला. उजवीकडे टेन्शन न्यूमोथोरॅक्स, डिकम्प्रेस करून ट्यूब टाकली. पोट ताठ, फास्टमध्ये प्लीहेभोवती पाणी. नाडी १२८, दाब ८८ वर ६०, जीसीएस १४. रक्त सुरू आहे, ट्रानेक्झामिक दिलं. लॅपरॉटॉमी लागेल असं वाटतं, तुम्ही लगेच याल का?" मागणी शेवटी हवीच. नुसती माहिती देऊन फोन ठेवणारे पुष्कळ असतात.

सराव तिघांनी करा: एक पेशंट, एक परीक्षार्थी, एक एक्झामिनर. एक्झामिनरकडे फाइंडिंगची चिठ्ठी. विचारल्याशिवाय एक अक्षर सांगायचे नाही. पेशंट झालेल्याला एक लपवलेली गोष्ट द्या: रक्त पातळ करणारी गोळी, गर्भारपण किंवा नवऱ्याची मारहाण. घड्याळ लावा आणि चुकले तरी मध्ये थांबवू नका, कारण परीक्षेतही चूक झाल्यावर सावरूनच पुढे जायचे असते. एकदा रिससिटेशन झाले की पुढची केस बोलत्या पेशंटची घ्या आणि कुठली येणार हे परीक्षार्थीला सांगू नका. कॉलर, बाइंडर, टूर्निके आणि चेस्ट ट्यूबचा सेट स्किल्स लॅबमध्ये हाताळून ठेवा. कॉलरची उंची खांदा आणि हनुवटी यांच्यामध्ये बोटे धरून मोजायची असते, आणि तिचा बकल कुठल्या बाजूला येतो हे तरी परीक्षेच्या आधी माहीत असू द्या.